हातातला झेंडू

नलू, तुझ्या हातातली फुलं मी काढली.

खाली पार्किंगमध्ये तुला ठेवलं होतं. बायका एकेक करून नमस्काराला येत होत्या. मी तुझा पदर नीट करायचं निमित्त करून वाकले आणि तुझ्या दोन्ही हातांत मिळून ओंजळभर जे झेंडू होते, पिवळे आणि केशरी, ते माझ्या रुमालात घेतले. रुमाल पर्समध्ये टाकला आणि उठून बाजूला उभी राहिले. मी रडत होते, खरंच रडत होते, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही.

तेव्हा वाटलं होतं, मैत्रिणीचं शेवटचं काम केलं. आज ते आठवलं की कान तापतात. का, ते तुला सांगायचंय. पण तू म्हणायचीस ना, मंगलकडे चहा मागितला तर ती आधी पाणी का उकळतं ते सांगते. तसंच होणार आहे, ऐकून घे. तुला आता घाई कसली?

शाळेत आपलं टेबल एक होतं. तू चित्रकलेची, मी रसायनशास्त्राची. टेबलाच्या तुझ्या बाजूला रंगांचे डाग आणि माझ्या बाजूला आम्लाचे, आणि मधल्या जागेवरून आपली भांडणं. तू पळसाची फुलं भिजवून त्याचा केशरी रंग मुलांना दाखवायचीस आणि सांगायचीस, बघा, यात एकही केमिकल नाही. तीच मुलं पुढच्या तासाला माझ्याकडे यायची. मी त्यांना सांगायचे की केमिकल नाही अशी वस्तू जगात नाही, तुमच्या चित्रकलेच्या बाईसुद्धा केमिकलच आहेत. हे तुझ्यापर्यंत पोचायचं. मग मधल्या सुट्टीत तू माझ्या डब्यातली चटणी न विचारता संपवायचीस. तो तुझा निषेध.

निवृत्तीनंतर झेंडूने तुला धरलं. धायरीला आपण राहायला आलो तेव्हा आपल्या सोसायटीच्या मागे शेतं होती, त्यांत दसऱ्याच्या आधी झेंडू फुललेला दिसायचा. शेतं गेली, इमारती आल्या, पण सिंहगड रोडच्या कडेला दसऱ्याला फुलांचे ढीग लागायचे ते लागतच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला न खपलेला माल तिथेच पडलेला असायचा. लोक चुकवून चालायचे, गाड्या त्यावरून जायच्या. तू पिशव्या घेऊन निघायचीस. सोसायटीत दारोदार बेल वाजवून शिळी तोरणं मागायचीस. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मला एकदा म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीला सांगा, आमचं तोरण अजून ताजं आहे, दाराकडे बघून सुस्कारे टाकू नका म्हणावं."

गच्चीवर जुन्या साड्या अंथरून तू पाकळ्या वाळवायचीस. मग ते मोठं पातेलं, तुरटी, सुती कापडाला आधी हिरड्याचं पाणी. त्यातच गंजलेले खिळे टाकले की पिवळ्याचा मेंदीसारखा हिरवट रंग व्हायचा, आणि तू प्रत्येक वेळी पहिल्यांदाच पाहिल्यासारखी "आई गं" म्हणायचीस. हे मात्र मी तुला कधी सांगितलं नाही की त्या "आई गं"साठी मी गच्चीवर यायचे. मी म्हणायचे की तुझ्या शेगडीवर लक्ष ठेवायला येते.

तुझ्या पहिल्या शिकवणीला सोसायटीतल्या आणि बाहेरच्याही बऱ्याच बायका आल्या होत्या. तू रंगात आली होतीस. झेंडूत ल्युटीन असतं, तेच सोनं या ओढणीवर चढतं, असं तू सांगितलंस. आणि मी मागच्या खुर्चीवरून म्हटलं, "ल्युटीन पाण्यात विरघळत नाही, नलू. ते तेलात विरघळतं. ओढणीवर चढतंय ते दुसरंच काहीतरी, फ्लॅव्होनॉइड." सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. तुझ्या हातातून पिवळं पाणी ठिबकत होतं. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी पुढे हेही सांगितलं की ल्युटीन जातं कुठे, तर डोळ्यांच्या कॅप्सूलमध्ये आणि कोंबड्यांच्या खाद्यात, अंड्यातला बलक पिवळाधमक दिसावा म्हणून. तू शांतपणे विचारलंस, "म्हणजे अंडं खाल्लं की झेंडू खाल्ल्यासारखंच?" मी म्हटलं, एका अर्थी हो. "मग आजपासून मी अंडं शाकाहारी धरते," तू म्हणालीस. बायका इतक्या हसल्या की ल्युटीन कुठे गेलं कुणाला कळलंच नाही. माझं म्हणणं बरोबर होतं आणि वर्ग तुझा होता.

टोमॅटोच्या वाफ्यात झेंडू का लावतात, तर त्याच्या मुळांतून जे सुटतं त्याने मातीतल्या बारीक कृमी मरतात, हे मी सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, बघ, कसा राखण करतो. मी म्हटलं, विष सोडतो. तू म्हणालीस, राखण करणाऱ्याच्या हातात काठी असतेच की. तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि तरी मी रोज घागर घेऊन यायचे.

मग तुझे हात बिघडले.

आधी बोटांच्या बेचक्यांत लाली, मग खाज, मग मनगटापर्यंत कातडी फुटायला लागली. तू मला दाखवलं नाहीस. साबण बदलला, भांड्यांची पावडर बदलली. आणि कुठेतरी वाचलंस की झेंडूच्या मलमाने कातडी बरी होते. लगेच खोबरेल तेलात आपल्याच गच्चीवरचे झेंडू उकळून ते तेल दोन्ही हातांना चोळलंस. सकाळी तू दारात उभी होतीस ती हाताला ओल्या साडीच्या चिंध्या गुंडाळून. चिंध्या सोडल्या तर खाली नुसती आग. मी विचारलं, काय लावलंस? तू सांगितलंस. आणि नलू, मी हसले.

मलम कॅलेंड्युलाचं असतं. तोही पिवळा, त्यालाही इंग्रजीत झेंडूच्याच नावाने ओळखतात, पण फूल वेगळं. हे मी तुला दारातच समजावून सांगायला लागले. तुझे हात तसेच हवेत धरलेले. माझं सांगून होईपर्यंत तू ऐकून घेतलंस, मग म्हणालीस, "झालं? आता डॉक्टरकडे नेतेस का?"

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण तिने बरोबर पकडलं. मुळात खोड गाजरगवताची, म्हणाली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर सोसायटीची सफाई झाली तेव्हा तू ते दोन्ही हातांनी उपटलं होतंस, हातमोजे न घालता, कारण हातमोजे प्लास्टिकचे. एकदा अंगाने त्याच्याशी वैर धरलं की त्याची सगळी भावकी वैरी होते. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, करडईचं फूल, पावसाळा संपताना सिंहगडावर फुलणारी सोनकी, सगळी एकाच घराण्यातली. तू विचारलंस, "झेंडू कायमचा?" ती म्हणाली, "हातसुद्धा लावायचा नाही, काकू."

रिक्षात बसल्यावर मी बोलले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं काहीतरी बोलले, आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे हे मी किती वर्षं सांगत होते, तेही बोलले. वडगावच्या पुलापर्यंत तू बाहेर बघत होतीस. मग म्हणालीस, "मंगल, हे कुणाला सांगायचं नाही. पोटच्या अश्विनीलाही नाही. लोक म्हणतील, झेंडूबाईला झेंडूच बाधला. सगळ्यांना सांगत फिरले, आणि आता हे. शपथ घे." मी शपथ घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी वादात तुला पुरती हरवलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्यानंतर तुझे हात मी झाले. हे मात्र तुला मान्य करावंच लागेल. पाकळ्या तोडायच्या मी, कुस्करायच्या मी, पातेल्यात हात घालायचा मी. तू लांब खुर्चीवर बसून हुकूम सोडायचीस. बायकांना सांगितलं की तुझी मनगटं धरतात. "अजून दाब. तिथे देठ राहिलाय. अगं, कणीक मळतेयस का?" मी घरी येऊन दोन दिवस पिवळी बोटं घेऊन पोळ्या लाटायचे. माझ्या हाताला कधी काही झालं नाही.

कुठलं पिवळं फूल तुला चालेल हे ओळखायची खूण मी तुला शिकवली होती. जे एक फूल दिसतं पण जवळून पाहिलं तर शेकडो बारीक फुलांचा घोस असतो, ते तुझं नाही. बहावा चालेल, सोनचाफा चालेल, पळस चालेल. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बहावा सुंदरच आहे. पण दसऱ्याला दाराला कोण बांधतं?"

मागच्या दसऱ्याला मी तुझ्याकडे सोनं द्यायला आले, तेव्हा तू तुझ्याच दारात उभी होतीस. अश्विनीने तोरण बांधून दिलं होतं. तू हात पाठीमागे बांधून, मान वर करून, डोळे मिटून त्याचा वास घेत होतीस. मी जिन्यावरूनच म्हटलं, "नलू, मागे हो." तू डोळे उघडलेस आणि मागे झालीस. इतकं निमूट तू माझं दुसरं काहीच कधी ऐकलं नव्हतंस. मला तेव्हा बरं वाटलं, की ही ऐकते आता. तुझा चेहरा मी पाहिलाच नाही.

या वर्षी दसरा झाला, पाकळ्या गच्चीवर वाळत होत्या, आणि तू गेलीस. ते कसं झालं ते सगळेच सांगतायत, मी सांगणार नाही.

अश्विनी हिंजवडीहून यायला निघाली तेव्हा तिकडच्या गर्दीचं काय सांगावं. आम्ही सगळे तिच्यासाठी थांबलो होतो. ती आली ती हातात झेंडूची पिशवी घेऊन. आई गेल्याचं कळल्यावर पोरीने वाटेत गाडी थांबवून फुलं घेतली होती. मला राग आला. इथे हारांचा ढीग पडलाय, आणि त्यात हिची भर, आणि तीही नेमकी हीच. तिने तुझी बोटं हळूच उघडली, एकेक फूल त्यांत बसवलं, वर तुझी बोटं मिटवली. मग तिला कुणीतरी आत पाणी प्यायला नेलं.

मी बघत होते. तुझ्या मनगटावर जुन्या पुरळाचे काळपट डाग होते आणि त्यांवर झेंडू. ज्यांच्यापासून मी तुला इतकी वर्षं जपलं तीच फुलं तुझ्या मुठीत. बोलले असते तर शपथ मोडली असती. आणि खरं सांगू? शपथेचं नंतर. मनात पहिल्यांदा जे आलं ते असं होतं: बघ नलू, मी म्हणत नव्हते? ते शब्द मनात नीट उमटले, तुझ्या तोंडावर म्हणायचे त्याच सुरात. तू समोर पडलेली, आणि मी तुझ्याशी वाद जिंकत होते. त्याचीच लाज वाटली असावी, म्हणून वाकले आणि फुलं काढली. वाटलं, फिटलं.

दिवसकार्य झाल्यावर अश्विनी माझ्याकडे आली. तुझं पातेलं आणि तुरटीचा डबा मला द्यायला आली होती. मी चहा टाकला. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी राहिली, तू राहायचीस तशीच.

"मावशी, एक बरं झालं," ती म्हणाली. "झेंडू हातात घेऊन गेली. तेवढं तरी मला जमलं."

मी चहा ढवळत राहिले. म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काय? तिनेच सांगितलेलं. तुम्हाला काय वाटलं, तिच्या हातांचं मला माहीत नव्हतं? मावशी, प्लीज. ती हातांच्या मलमाची ट्यूब मीच आणून द्यायचे ना, नाव वाचून गूगल केलं होतं पहिल्याच दिवशी. तिला वाटायचं मला कळलं नाही, मीही कळू दिलं नाही. मग गेल्या वर्षीच्या दसऱ्याला तोरण बांधताना तीच म्हणाली, अशू, मी गेले की हातात भरपूर झेंडू ठेव. आता काय खाज येणार आहे?"

गॅस बंद केला. कपात चहा ओतला नाही. आत जाऊन पर्स आणली, रुमाल काढला आणि ओट्यावर तिच्यासमोर सोडला. फुलं सुकून चुरमुरली होती. रुमालाला पिवळे डाग पडले होते.

"मी काढली," मी म्हटलं. "तू आत गेलीस तेव्हा. मला वाटलं, तिला सोसत नाहीत."

अश्विनी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फुलांकडे बघत राहिली. एका फुलाला तिने बोट लावलं आणि मागे घेतलं. तिचे डोळे भरले आणि तिने ते ओढणीने पुसले. ती ओढणी तुझ्या पहिल्या शिकवणीची होती, आता पिवळा बराच उतरलाय.

मग ती म्हणाली, "मी आईला विचारलं होतं, मंगलमावशीला सांगून ठेवू का? तर म्हणाली, नको. तिला माझे हात सांभाळायची सवय लागलीये. ती काढून टाकेल."

एवढंच म्हणाली. चहा न घेता गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू येत होती तोपर्यंत मी ओट्याशीच उभी होते. पातेलं तिने दाराशी ठेवलं होतं. फुलं न्यायला विसरली की मुद्दाम ठेवून गेली, मला माहीत नाही. तिला विचारायचं तोंड मला नाही.

नलू, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं तू मला शाळेत असल्यापासून म्हणत आलीस. तुझ्या डोळ्यांसाठी काय चांगलं, तुझ्या कातडीला काय वाईट, तुझ्या ओढणीवर कुठला रेणू चढतो, सगळं मला ठाऊक होतं. तुला फक्त एकदा झेंडू हातात धरायचा होता, हे तेवढं कळलं नाही. दारात हात पाठीमागे बांधून तू उभी होतीस तेव्हाही कळलं नाही. आणि तुला मात्र माझं इतकं कळलं होतं की मी काय करणार ते तू वर्षभर आधी सांगून ठेवलंस. मला न सांगण्याइतकी तू मला ओळखत होतीस, याने जास्त लाज वाटते की आधार वाटतो, ते मी ठरवू शकत नाही. दोन्ही वाटतं. लाज जरा जास्त.

तुझे आभारही मानायचे आहेत, आणि ते कसे मानायचे ते मला कधी कळलं नाही. तू माझा प्रत्येक बरोबर मुद्दा ऐकून घेतलास आणि तरी माझ्याकडे येत राहिलीस. मी एवढी बरोबर असतानाही माझ्याशी मैत्री ठेवणं सोपं नसणार. घरच्यांनाही जमलं नाही ते. तू ते कसं केलंस, हे विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर म्हणाली असतीस, चटणीसाठी.

गच्चीवर तुझ्या साडीवर या वर्षीच्या पाकळ्या अजून पसरलेल्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी परवा विचारलं, शिकवणी चालू ठेवणार का? मी म्हटलं, बघू. काकू म्हणाल्या, "तुम्हाला सगळं येतं ना आता?" मला येतं. पण तो हिरवा रंग आल्यावर "आई गं" कोण म्हणणार?

काल दुपारी मी गच्चीवर जाऊन तुझ्या खुर्चीत बसले. रुमाल सोडला आणि तुझी ती फुलं मुठीत घेतली. सुकल्यामुळे पाकळ्या तळव्याला टोचत होत्या. ऊन उतरेपर्यंत तशीच बसून राहिले. मग मूठ उघडून हात पाहिले, दोन्ही बाजूंनी पाहिले.

माझ्या हाताला काही झालं नव्हतं.